शक्ती, युक्ती आणि पंचनिर्णय : मेजावरील भूमिकाखेळांतील राक्षसपराभवाचा इतिहास

१. प्रस्तावना

राक्षसाचा पराभव केवळ बळाने होत नाही, त्याला युक्ती लागते, ही कल्पना कथावाङ्मयाला नवी नाही. हिरण्यकशिपूने मागून घेतलेल्या वरातील प्रत्येक अट पाळूनच त्याचा वध झाला. ग्रीक कथेतील पर्सियसने मेड्युसाकडे थेट न पाहता ढालीतील तिच्या प्रतिबिंबाच्या आधारे तिचे मस्तक छेदले. मात्र या कथांमध्ये युक्ती कोणती, हे कथाकाराला आधीच ठाऊक असते. श्रोत्याने ती ऐकून विस्मित व्हावयाचे असते. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या लहानशा गावातून प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने हा संबंध उलटा केला. येथे युक्ती श्रोता शोधतो आणि ती फळाला येईल की नाही, हे कथाकाराला तत्क्षणी ठरवावे लागते.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. एका मेजाभोवती काही खेळाडू बसतात. प्रत्येकजण योद्धा, मांत्रिक, धर्मोपासक अशा एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. एक व्यक्ती मात्र पात्र न होता पंच होते. भुयारे, राक्षस, खजिने यांची रचना तिने आधीच करून ठेवलेली असते. खेळाडू आपले पात्र काय करते हे तोंडी सांगतात, पंच परिणाम सांगतो आणि अनिश्चितता असेल तेथे फासे टाकले जातात. सोंगट्यांच्या खेळाप्रमाणे येथे चालींची यादी मर्यादित नसते. 'मी राक्षसावर तलवार चालवतो' हे वाक्य जितके ग्राह्य, तितकेच 'मी त्याच्यापुढे मांस टाकून पळ काढतो' हेही ग्राह्य असते.

राक्षसांना अनपेक्षित मार्गांनी हरविण्याच्या ज्या असंख्य कहाण्या या खेळाच्या परंपरेत सांगितल्या जातात, त्यांकडे सामान्यतः करमणुकीचा भाग म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या कहाण्यांमागील नियमांचा इतिहास तपासला आहे. ज्या उत्तराचा विचार प्रश्नकर्त्याने केलाच नव्हता, ते उत्तर बरोबर ठरविण्याचा अधिकार कोणाचा आणि तो कोणत्या आधारावर वापरावयाचा, हा या इतिहासाच्या मध्यवर्ती असलेला प्रश्न होय.

२. पूर्वपीठिका : युद्धखेळातील पंच

भूमिकाखेळातील पंचाची कुळकथा युरोपातील लष्करी युद्धखेळांपर्यंत जाते. भारतीय चतुरंगातून विकसित झालेल्या बुद्धिबळाचा विस्तार करून ब्रन्सविक येथील योहान हेलविग यांनी १७८० साली युद्धाचे अनुकरण करणारा एक पटखेळ प्रसिद्ध केला. पुढे प्रशियामध्ये राइसविट्झ पितापुत्रांनी पटाऐवजी नकाशा आणि चौकटींऐवजी प्रत्यक्ष अंतर यांचा अवलंब केला. धाकट्या राइसविट्झ यांचे नियम १८२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत दोन्ही पक्ष आपापले हुकूम पंचाला कळवीत आणि पंच तक्ते व फासे यांच्या साहाय्याने परिणाम काढीत असे.

हे तक्ते कालांतराने इतके किचकट झाले, की १८७६ साली वेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने तक्ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ चालवावा असा पक्ष मांडला. येथूनच 'नियमबद्ध' आणि 'मुक्त' अशा दोन परंपरा वेगळ्या झाल्या. नियमबद्ध परंपरेचे सामर्थ्य निःपक्षपातात, तर मुक्त परंपरेचे सामर्थ्य अनपेक्षिताला सामावून घेण्यात होते. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांतील वादाची बीजे या भेदात आढळतात.

चार्ल्स टॉटन या अमेरिकन सैनिकी अधिकाऱ्याने १८८० साली 'स्ट्रॅटेगोस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे नऊ दशकांनंतर मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो डेव्हिड वेस्ली या युवकाच्या हाती पडला. खेळाडूने काहीही करून पाहावे आणि पंचाने त्याचा निवाडा करावा, हे सूत्र वेस्ली यांनी त्यातून उचलले. १९६९ साली त्यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा एक प्रयोग केला. नेपोलियनकालीन एका काल्पनिक जर्मन गावातील नगराध्यक्ष, विद्यापीठप्रमुख, विद्यार्थी अशा भूमिका त्यांनी खेळाडूंना वाटून दिल्या. खेळ सुरू असताना दोन खेळाडूंनी येऊन आपण परस्परांशी द्वंद्वयुद्ध ठरविल्याचे सांगितले. द्वंद्वयुद्धाचे नियमच तयार नव्हते. वेस्ली यांनी जागच्या जागी फासे टाकून निकाल दिला. प्रयोग फसला असे त्यांना वाटले. खेळाडूंनी मात्र तो पुन्हा करण्याचा आग्रह धरला.

या गटातील डेव्ह आर्नेसन यांनी १९७०-७१ च्या सुमारास 'ब्लॅकमूर' हे काल्पनिक संस्थान आणि त्याच्या किल्ल्याखालील भुयारे रचली. त्याच सुमारास लेक जिनिव्हा येथे गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांचे 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक १९७१ साली प्रसिद्ध झाले होते. आर्नेसन आणि गायगॅक्स यांच्या सहकार्यातून १९७४ च्या प्रारंभी तीन लहान पुस्तिकांच्या स्वरूपात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आले. पहिल्या आवृत्तीच्या सुमारे १००० प्रती होत्या.

३. बळाचे अंकगणित

प्रारंभीचे खेळाडू युक्तीकडे का वळले, याचे एक उत्तर त्यांच्या कल्पकतेत असले, तरी दुसरे उत्तर सरळ अंकगणितात आहे. १९७४ च्या नियमांनुसार पहिल्या पातळीवरील पात्राची जीवनशक्ती एका सहा बाजूंच्या फाशाने ठरे आणि शस्त्राचा आघातही त्याच फाशाने मोजला जाई. म्हणजे एकाच आघाताने पात्र मरण्याची शक्यता मोठी होती. समोरासमोरचे युद्ध हा जवळजवळ जुगार होता.

याउलट युद्ध टाळण्याचे लाभ नियमांतच नमूद होते. पात्राची प्रगती अनुभवगुणांवर अवलंबून असे आणि हे गुण राक्षस मारून मिळत, तसेच खजिना हस्तगत करूनही मिळत. मूळ पुस्तिकेतील उदाहरणात ट्रोल नावाच्या राक्षसाला मारल्याबद्दल ७०० गुण, तर त्याच्याजवळच्या ७००० सुवर्णमुद्रांबद्दल ७००० गुण धरले आहेत. हे प्रमाण एकास दहा असे पडते. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, प्रसिद्ध झालेल्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने राक्षसवधाचे गुण आणखी घटविले. ज्या सामान्य राक्षसामागे पूर्वी १०० गुण मिळत, त्यामागे आता १० मिळू लागले. राक्षसाला गाफील ठेवून खजिना पळविणारा खेळाडू हा नियमांच्या दृष्टीने भेकड नव्हता. नियमांनी अपेक्षिलेला खेळाडू तोच होता.

आणखी दोन तरतुदी येथे महत्त्वाच्या आहेत. राक्षसाची वृत्ती आधीच निश्चित नसेल, तर दोन फासे टाकून ती ठरवावी, असा नियम होता. बेरीज २ ते ५ आल्यास प्रतिकूल, ६ ते ८ आल्यास अनिश्चित आणि ९ ते १२ आल्यास अनुकूल. छत्तीस शक्यतांपैकी केवळ १० शक्यता प्रतिकूलतेच्या होत्या. उरलेल्या २६ शक्यतांमध्ये वाटाघाट, लाच, थाप किंवा मैत्री यांना वाव होता. दुसरी तरतूद पाठलागासंबंधी होती. पळणाऱ्यांनी मागे खाद्यपदार्थ टाकल्यास बुद्धिहीन राक्षस ९० टक्के, अर्धवट बुद्धीचे ५० टक्के आणि बुद्धिमान केवळ १० टक्के वेळा थबकत. धन टाकल्यास परिणाम उलटा होई. प्रतिस्पर्ध्याची प्रकृती ओळखून त्याला भुलविणे ही गोष्ट अशा रीतीने पहिल्याच पुस्तिकांत नियमबद्ध झाली होती.

४. युक्तीची साधने : ज्ञान, वस्तू आणि परिसर

खेळाडूंच्या युक्त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग ज्ञानाचा. या खेळातील ट्रोलला कितीही जखमा झाल्या तरी त्या भरून येतात. अग्नी किंवा आम्ल यांनीच त्याचा नाश होतो. हे लक्षण पॉल अँडरसन यांच्या १९६१ साली ग्रंथरूपाने आलेल्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या कादंबरीतून घेतलेले आहे. ज्याने ती वाचली होती, त्याच्याजवळ शस्त्र आधीच होते. मेड्युसासाठी आरसा आणि रक्तपिपासू व्हॅम्पायरसाठी लसूण हे उपायही पुराणकथा, कादंबऱ्या आणि चित्रपट यांतूनच मेजावर आले. वाचन हीच युद्धसामग्री ठरण्याचा हा प्रकार लक्षणीय आहे. मात्र १९७७ साली 'मॉन्स्टर मॅन्युअल' प्रसिद्ध होऊन राक्षसांची वैगुण्ये सर्वांसाठी छापली गेली, तेव्हा या ज्ञानाचे मोल घटले. खेळाडूला जे ठाऊक आहे ते त्याच्या पात्रालाही ठाऊक असावे काय, हा नवा वाद येथे उद्भवला.

दुसरा वर्ग सामान्य वस्तूंचा. दहा फुटी काठी, लोखंडी खुंट्या, दोर, तेलाची कुपी, आरसा अशा वस्तू मूळ पुस्तिकेच्या किमतीच्या तक्त्यात तलवारी-चिलखतांच्या सोबतच होत्या. काठीने पुढची जमीन ठोकून पाहावी, खुंट्या ठोकून दार बंद करावे, तेल ओतून पेटवावे, या रीती लवकरच रूढ झाल्या. 'ग्रेहॉक'मध्ये आलेला 'रस्ट मॉन्स्टर' हा प्राणी धातू गंजवून खातो. हाँगकाँगमध्ये तयार झालेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून गायगॅक्स यांना तो सुचला. त्याच्यापुढे सर्वांत बलिष्ठ चिलखतधारी योद्धा सर्वांत असहाय ठरतो, तर लाकडी सोटा घेतलेला साधा माणूस निर्धास्त असतो. मूठभर लोखंडी खुंट्या फेकून त्याला क्षणभर गुंतवून ठेवता येते, हेही 'मॉन्स्टर मॅन्युअल'ने मान्य केले. या प्राण्याची रचनाच बळाचा गर्व उतरविण्यासाठी केलेली दिसते.

तिसरा वर्ग परिसराचा. १९७८ च्या नियमांनुसार अग्निगोलाचा मंत्र ३३,००० घनफूट जागा व्यापतो. मोकळ्या मैदानात ही केवळ एक संख्या आहे. अरुंद भुयारात मात्र आग मांत्रिकावरच उलटते. ज्यांनी भुयाराच्या लांबीरुंदीचा गुणाकार आधी केला ते वाचले, ज्यांनी केला नाही ते स्वतःच्याच मंत्राने भाजले. येथे विजय राक्षसावर जितका, तितकाच भूमितीवरही मिळवावा लागतो.

५. युक्ती नियम होते, नियमातून नवी युक्ती निघते

या खेळाच्या इतिहासात एक चक्र वारंवार दिसते. खेळाडू युक्ती शोधतो. ती यशस्वी होते. ती नियमात समाविष्ट होते. मग तिच्यावर तोड म्हणून नवा धोका निर्माण केला जातो. या चक्राचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण 'धर्मोपासक' या पात्रवर्गाचे आहे. ब्लॅकमूरमध्ये 'सर फँग' नावाचा व्हॅम्पायर अतिशय प्रबळ झाला होता आणि तो एका खेळाडूचेच पात्र होता. त्याला आवर घालण्यासाठी चित्रपटांतील व्हॅम्पायरसंहारकाच्या धर्तीवर एका धर्मगुरूचे पात्र निर्माण करण्यात आले. माइक कार यांनी ती भूमिका केली. एका विशिष्ट राक्षसावरचा हा तात्कालिक उपाय १९७४ च्या पुस्तिकांत योद्धा आणि मांत्रिक यांच्या जोडीला तिसरा पात्रवर्ग म्हणून स्थिर झाला आणि भुताखेतांना परतवून लावण्याचा तक्ता त्याला कायमचा मिळाला.

उलट दिशेची उदाहरणेही विपुल आहेत. सावध खेळाडू प्रत्येक दाराला कान लावून ऐकू लागले, तेव्हा 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये लाकडात दडून बसणारा आणि कानात शिरणारा 'इअर सीकर' हा कीटक अवतरला. पेटी, दार यांचे रूप घेणारा 'मिमिक', छताचा आणि जमिनीचा आभास निर्माण करणारे प्राणी हे सारे खेळाडूंच्या सावधगिरीला दिलेले प्रत्युत्तर होय. राक्षसांची ही सूची म्हणजे एका अर्थाने खेळाडूंच्या सवयींची बखर आहे.

या चक्राचा सर्वांत सूक्ष्म पुरावा निषेधवाक्यांत सापडतो. प्राप्तीवाचून निषेध संभवत नाही, हे मीमांसकांचे तत्त्व येथे उपयोगी पडते. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये पाणी निर्माण करण्याच्या मंत्राखाली, सजीवाच्या शरीरात पाणी निर्माण किंवा नष्ट करता येत नाही, असे बजावले आहे. तहान भागविण्याच्या या निरुपद्रवी मंत्राने शत्रूला आतून बुडविण्याची कल्पना कोणाला तरी सुचल्याखेरीज असे वाक्य लिहिण्याची गरज पडत नाही. त्याच ग्रंथात प्रकाशाचा मंत्र शत्रूच्या तोंडावर टाकून त्याला आंधळे करण्यास मात्र अनुमती आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हा मंत्र केवळ वस्तूवर टाकता येतो. अर्थात दिव्याचे शस्त्र पुन्हा दिवा झाले. एक युक्ती निषिद्ध, दुसरी आधी मान्य आणि मग लुप्त, या क्रमातून नियमकर्त्यांची कल्पकतेविषयीची बदलती भूमिका दिसते.

कधीकधी निषेधच शस्त्र झाला. आतून प्रशस्त असलेली जादूची पिशवी आणि गुंडाळून नेता येणारे जादूचे विवर या दोन वस्तू एकमेकींत घालू नयेत, घातल्यास दुसऱ्या लोकाचे द्वार उघडते, असा इशारा १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये आहे. हा नियम लोभी खेळाडूंना आळा घालण्यासाठी होता. परंतु विवर पिशवीत घातल्यास जवळचे सर्व प्राणी त्या द्वारातून ओढले जातात, हे वाचताच अजिंक्य राक्षसाला या लोकातूनच घालवून देण्याचा मार्ग खेळाडूंना सापडला. अर्थात हे करणारे पात्रही त्याच द्वारातून ओढले जाते. येथे युक्ती फुकट नव्हती, तिची किंमत आत्मबलिदानाएवढी होती.

६. 'टूम ऑफ हॉरर्स' : निर्णय कोणी द्यावयाचा?

१९७५ साली बॉल्टिमोर येथील 'ओरिजिन्स' या मेळाव्यात गायगॅक्स यांनी 'टूम ऑफ हॉरर्स' हे साहस स्पर्धेसाठी सादर केले; १९७८ साली ते छापले गेले. या थडग्यात राक्षस थोडे आणि सापळे पुष्कळ आहेत. शेवटी असेरेराक नावाच्या प्राचीन मांत्रिकाची केवळ कवटी उरलेली आहे. ती छेडणाऱ्यांचे प्राण शोषून घेते. तिला इजा करू शकणारे मोजके मंत्र आणि शस्त्रे मजकुरात नमूद आहेत. बाकी सारे व्यर्थ.

त्याच थडग्यात अन्यत्र एक मुकुट आणि एक राजदंड आहे. मुकुट घातलेल्याने राजदंडाचे चुकीचे टोक त्याला लावले, तर तो तत्काळ भस्म होतो. हा खेळाडूंसाठीचा सापळा आहे. परंतु मुकुट कवटीवरच ठेवून राजदंडाचे ते टोक लावले तर? खेळाडूंमध्ये ही युक्ती दीर्घकाळ सांगितली जाते. मजकुरातील उपायांच्या यादीत ती नाही. म्हणून ती अमान्य करणारा पंच अक्षराला धरून वागतो. पण मुकुटाचा परिणाम कोणावर होतो, याविषयीचा मजकूर जर 'घालणाऱ्यावर' एवढेच म्हणत असेल, तर ती मान्य करणारा पंचही त्याच अक्षराला धरून वागत असतो. दोन नियमांतील या अंतरात निर्णय पंचाच्या विवेकावर येऊन ठेपतो. आदर्श उत्तरपत्रिकेत नसलेले, परंतु युक्तिवादाने निर्दोष असलेले उत्तर समोर आले असता परीक्षकाची जी अवस्था होते, तीच येथे पंचाची होते.

याच थडग्याशी निगडित दुसरी हकीकत वेगळा प्रश्न उपस्थित करते. रॉब कुंट्झ यांच्या 'रोबिलार' या पात्राने आपल्या ऑर्क अनुचरांना पुढे घालून हे थडगे पार केले. सापळे अनुचरांच्या जिवावर निकामी झाले. खेळातील चातुर्य म्हणून या रीतीचे कौतुक झाले. तथापि युक्तीने विजय मिळविला असे म्हणताना तिची किंमत कोणी मोजली, हेही विचारावयास हवे. बळाऐवजी बुद्धी वापरली म्हणजे हिंसा टळलीच, असे होत नाही. अनेकदा ती दुर्बलांवर ढकललेली असते.

७. उलटलेली युक्ती

युक्ती ही खेळाडूंचीच मिरासदारी नव्हे, हे १९८७ सालच्या नोव्हेंबरमधील 'ड्रॅगन' मासिकाच्या १२७ व्या अंकातील संपादकीयाने दाखवून दिले. रॉजर मूर यांनी लिहिलेल्या या लेखात टकर नावाच्या पंचाच्या कोबोल्डांचे वर्णन आहे. कोबोल्ड हे खेळातील अत्यंत दुबळे राक्षस. एकेकाची जीवनशक्ती जास्तीत जास्त चार. तरीही अरुंद बोळ, आग, अडथळे आणि भिंतींमधील छिद्रे यांचा वापर करून त्यांनी अनुभवी, उच्च पातळीच्या पात्रांना पळता भुई थोडी केली. भुयाराच्या तळाशी असलेल्या महाबलाढ्य राक्षसांपेक्षा खेळाडूंना या वरच्या मजल्यावरील क्षुद्र जीवांचीच अधिक धास्ती वाटू लागली.

या लेखाचे महत्त्व असे, की त्याने राक्षस हा आकड्यांचा गठ्ठा नसून हेतू आणि बुद्धी असलेला प्रतिपक्ष आहे, याची आठवण करून दिली. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, हे सूत्र एकदा मान्य केले की ते दोन्ही पक्षांना लागू करणे न्यायाचे ठरते.

८. नियमांचा विस्तार आणि प्रतिक्रिया

पंचाच्या विवेकावर सारे सोपविण्यातील दोषही उघड होते. एक पंच जी युक्ती उचलून धरी, तीच दुसरा फेटाळी. मैत्री, आवडनिवड, खेळाडूचे वाक्चातुर्य यांचा निर्णयावर प्रभाव पडे. मेळाव्यांतील स्पर्धांत तर समान न्याय अत्यावश्यक होता. १९७७ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'अॅडव्हान्स्ड' ग्रंथत्रयीमागे एकसूत्रता आणणे हा एक हेतू होता. दुसरीकडे १९८१ च्या टॉम मोल्डव्हे संपादित प्राथमिक संचाने मध्यममार्ग सुचविला. नियमात नसलेली कृती पात्राच्या योग्य त्या गुणाच्या आधारे वीस बाजूंच्या फाशाने ठरवावी, म्हणजे यशाची काही ना काही शक्यता नेहमीच राहील.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत खजिन्याबद्दलचे अनुभवगुण ऐच्छिक ठरविण्यात आले. हा बदल लहान दिसतो, पण त्याने युद्ध टाळण्यामागील मूळ अर्थकारणच ढासळले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने राक्षसांना आव्हानाची श्रेणी दिली. आव्हानावर मात म्हणजे वधच नव्हे, असे तिने स्पष्ट केले, पण थाप मारणे, मन वळविणे या गोष्टी कौशल्यगुणांच्या फाशावर नेल्या. त्यामुळे मितभाषी खेळाडूलाही वाक्पटू पात्र रंगविता येऊ लागले. त्याच वेळी युक्तिवाद ऐकण्याआधीच फासा टाकण्याची सवयही लागली.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीतील पंचासाठीच्या ग्रंथाचे ४२ वे पृष्ठ या संदर्भात प्रसिद्ध आहे. नियमांत नसलेल्या कृतींचा निर्णय कसा करावा, हे तेथे सांगितले आहे. टांगलेल्या झुंबराला लोंबकळून राक्षसाला लाथेने निखाऱ्यांच्या शेगडीत ढकलू पाहणाऱ्या आठव्या पातळीच्या पात्राचे उदाहरण त्यात येते. अशा कृतीला उत्तेजन द्यावे, असाच ग्रंथाचा रोख आहे; मात्र तिची काठिण्यपातळी आणि इजा तक्त्यातून घ्यावी, असेही तो सांगतो. अनपेक्षिताचे स्वागत झाले, पण त्याचे मोजमाप आधीच ठरले. शेगडी कितीही धगधगती असली, तरी तिचा दाह पात्राच्या पातळीइतकाच!

त्याच वर्षी मॅट फिंच यांनी जुन्या पद्धतीच्या खेळाविषयीची एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. नियमांपेक्षा प्रसंगानुरूप निवाडा श्रेष्ठ, हे तिचे सार होते. जुन्या नियमांचे पुनरुज्जीवन करणाऱ्या चळवळीला तिने वैचारिक अधिष्ठान दिले. वेर्डी द्यु व्हेर्नुआ यांनी १८७६ साली मांडलेला पक्ष १३२ वर्षांनी वेगळ्या वेषात पुन्हा उभा राहिला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने समन्वय साधण्याचा प्रयत्न केला. पंचाला युक्ती पटली, तर त्याने खेळाडूला दोन फासे टाकू द्यावेत आणि त्यांतील मोठा आकडा धरावा. दीर्घ तक्त्याऐवजी एक साधी सवलत, असे या उपायाचे स्वरूप आहे.

संगणकीय खेळांशी तुलना केल्यास पंचाचे स्थान अधिक स्पष्ट होते. संगणकीय खेळात रचनाकाराने पूर्वी कल्पिलेल्या घटकांच्या नव्या जुळण्या खेळाडू करू शकतो. मात्र ज्या कृतीची तरतूदच नाही, ती त्याला व्यक्तही करता येत नाही. मेजावरील खेळात ती कृती निदान उच्चारता येते आणि कोणीतरी तिचा विचार करण्यास बांधील असतो.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) प्रारंभीच्या भूमिकाखेळांतील युक्तिप्राधान्य हा केवळ खेळाडूंच्या प्रतिभेचा परिणाम नव्हता. अल्प जीवनशक्ती, खजिन्याला मिळणारे दसपट गुण आणि राक्षसांच्या वृत्तीचा तक्ता यांनी त्याला ठोस आधार पुरविला होता. हे आधार दूर होताच युद्धाचे प्रमाण वाढणे स्वाभाविक होते.

२) अनपेक्षित युक्ती आणि लिखित नियम यांचे नाते केवळ विरोधाचे नाही. धर्मोपासकाचा वर्ग युक्तीतून जन्मला. निषेधवाक्ये युक्तीला उत्तर म्हणून आली. आणि काही निषेधांतून नव्या युक्त्या निघाल्या. नियमग्रंथ हे या दृष्टीने वाचल्यास लिखित नोंद न ठेवता झालेल्या खेळाचे ऐतिहासिक साधन ठरतात.

३) पंचाचा विवेक आणि नियमाची समता यांपैकी एकाचीच निवड करणे या परंपरेला कधीही शक्य झाले नाही. विवेकाविना नियम नव्या उत्तराला चूक ठरवितो. नियमाविना विवेक मर्जीचे रूप घेतो. प्रत्येक आवृत्तीने या दोहोंमधील अंतर नव्याने आखले.

४) युक्तीने मिळविलेला विजय आपोआप नीतिमान ठरत नाही. रोबिलारच्या अनुचरांचा प्रश्न विजयकथेच्या समासात राहून गेला असला, तरी तो विचारात घेतल्याखेरीज या इतिहासाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

राक्षस काल्पनिक आहेत, त्यांचा पराभवही काल्पनिक आहे. परंतु मेजाच्या एका बाजूने कोणीतरी असे उत्तर देतो, जे दुसऱ्या बाजूच्या व्यक्तीने कधी योजिलेच नव्हते, आणि ती व्यक्ती आपली वही क्षणभर मिटून त्या उत्तराचा प्रामाणिकपणे विचार करते, ही घटना मात्र खरी असते. पाच दशकांच्या या खेळाने जपलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट तीच होय.